शिवणीची आतली बाजू

सांगलीत शिवणवर्ग चालवताना माझ्या हाताखालून नव्या कपड्यांपेक्षा जुने कपडेच जास्त गेले. मुली नवं कापड घेऊन शिकायला यायच्या, पण त्यांच्या आया, आत्या, शेजारणी वर्ग सुटायच्या वेळेला पिशवीतून काहीतरी जुनं काढायच्या. हे जरा सैल होईल का, याची बाही बदलता येईल का, यातून नातीसाठी काही निघेल का. कपडा किती टिकणार हे दुकानात पटकन कळत नाही. तो उसवायला घेतला की लख्ख कळतं.

वीस-पंचवीस वर्षांनी कपाटातून काढला तरी आनंदाने अंगावर घालावासा वाटेल असा कपडा निवडायचा तर काय पाहावं, ते या उसवण्यातून मला उमगत गेलं. रंग आणि नमुना त्यात येतात, पण बरेच नंतर. आधी पाहायचं ते हे, की या कपड्यात पुढे बदल करायला, दुरुस्ती करायला जागा आहे का. अंग बदलतं, घर बदलतं, कपडा एकीकडून दुसरीकडे जातो. ज्याला हे सगळं झेपतं तोच टिकतो.

१. कपडा उलटा करून पाहा

दुकानात कपडा आरशासमोर धरण्याआधी तो उलटा करा आणि बगलेखालची शिवण बघा. दोन्ही बाजूंना किती कापड सोडलं आहे? बऱ्याच तयार कुर्त्यांत ते पाव इंच असतं आणि कडेने ओव्हरलॉक मारलेलं असतं. हा कुर्ता आज जसा आहे तसाच राहणार. तुमचं अंग दोन इंचांनी वाढलं की त्याचं आयुष्य संपलं, मग कापड कितीही उत्तम असो.

जुन्या शिंप्याने शिवलेला ब्लाऊज उलटा केला की आत वेगळंच जग दिसतं. बाजूला इंच-सव्वा इंच माया सोडलेली असते आणि तिच्यात एकाशेजारी एक दोन-तीन टिपा घातलेल्या असतात. सैल करायचा तर आतली एक टीप उसवायची, बस. हिशेब साधा आहे. पुढचा आणि पाठीचा भाग, दोन्ही बाजू, म्हणजे चार ठिकाणी इंच-इंच कापड शिल्लक आहे. कडेला थोडं ठेवूनही घेरात तीन इंच सहज मिळतात. लग्नातला ब्लाऊज दोन बाळंतपणांनंतर बसतो तो याच तीन इंचांमुळे. आजारपणाने बारीक झालेल्या बाईला तोच परत आत घेऊन देता येतो. एखादीला आजारानंतर तिचाच आवडता ब्लाऊज नीट बसवून दिला की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते नव्या कपड्याने येत नाही.

इथे एक गोष्ट शिकवून ठेवते, कारण ती पुष्कळ शिवणाऱ्याही विसरतात. माया फक्त बाजूला सोडून भागत नाही. बाहीच्या शिवणीतही तेवढीच सोडावी लागते. नाहीतर ब्लाऊज छातीत सैल होतो आणि दंडात काचत राहतो, मुंढ्यापाशी सुरकुत्या पडतात. कापड शिंप्याकडे टाकताना हे तोंडाने सांगा. दहा सेंटिमीटर कापड जास्त लागलं तर लागू द्या.

पुरुषांच्या शिवून घेतलेल्या पँटमध्ये अशी माया पाठीमागच्या मधल्या शिवणीत असते. कंबरपट्टी तिथेच जोडलेली असते, ती उसवली की पँट कमरेत वाढते. खाली पायाशी अडीच-तीन इंचांची दुमड मागून घ्या. वाढत्या वयाच्या मुलाची पँट त्यामुळे आणखी दोन वर्षं चालते.

२. कापड दिवसाच्या उजेडात धरा

ट्यूबलाइटखाली कापड घेऊ नये हे सगळ्यांना रंगासाठी माहीत असतं. मी वीण बघायला उजेडात नेते. एक पदर उजेडासमोर धरला की कुठे सूत दाट, कुठे विरळ, ते दिसतं. मग कापडाचा एक कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून चोळायचा. बोटांना पिठासारखं काही लागलं, किंवा चोळलेली जागा एकदम लुळी पडली, तर समजायचं की कापडाचं अंग खळीचं आहे. पहिल्या धुण्यात ते अंग जाईल आणि हातात जाळी उरेल.

काउंटबद्दल दुकानदार मोठ्या आकड्याचं कौतुक करतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. शंभर काउंटचं मलमल उन्हाळ्यात अंगावर सुखाचं, पण रोज बसने जाणाऱ्या बाईच्या सलवारीला ते कामाचं नाही. रुबियावर टू बाय टू लिहिलेलं असतं, म्हणजे उभं आणि आडवं, दोन्हीकडचं सूत दुपदरी. ब्लाऊजला हे कापड आपल्याकडे इतकी वर्षं चालत आलं याचं कारण त्या दुपदरी पिळात आहे.

सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड धुवायला सोपं, इस्त्रीला सोपं, मान्य. पण घासून घासून त्यावर बारीक गोळे येतात. सुताचे तंतू सुटून येतात आणि पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो, म्हणून ते गळूनही पडत नाहीत. नुसतं सुती कापड विरतं, पण विरताना मऊ होत जातं. मिश्र कापडाचं तसं होत नाही. ते शेवटपर्यंत फाटत नाही आणि पहिल्या वर्षानंतर चांगलंही दिसत नाही.

३. इरकलीचा पदर

टिकाऊ कपड्याबद्दल विचारलं की मी मुलींसमोर इरकल उलगडते. आमच्या भागात आज्यांच्या अंगावर नऊवारी इरकल रोज असायची. शेतात, चुलीपुढे, देवळात, तीच. साडीचं गाव आहे इळकल, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, पण तिचं घर सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे तितकंच आहे.

तिच्या अंगाचा ताणा बहुधा सुती आणि पदराचा ताणा रेशमी. दोन वेगळे ताणे एका साडीत कसे आले? विणकर अंगाच्या प्रत्येक उभ्या धाग्याचा फास करून त्यात पदराचा धागा अडकवतो. याला टोप तेनी म्हणतात. त्यामुळे एका साडीसाठी एक ताणा स्वतंत्र लावावा लागतो, इतर साड्यांसारखं एकाच लांब ताण्यावर ओळीने चार-सहा विणून काढता येत नाहीत. पदर जिथे सुरू होतो तिथली रेघ जवळून पाहिली की ते फासे दिसतात. मी मुलींना त्यावरून बोट फिरवायला सांगते.

यात नुसती शोभा नाही. रोज धुतलं जाणारं, जमिनीला लागणारं, कमरेला आवळलं जाणारं अंग सुताचं आहे. डोक्यावरून घ्यायचा, चारचौघांत दिसायचा पदर तेवढा लाल-पांढऱ्या रेशमाचा. जिथे ताकद हवी तिथे सूत आणि जिथे मान हवा तिथे रेशीम, असं वाटप करूनच साडी विणली जाते. काठ चिक्की असो, गोमी असो, नमुने इतके जुने आहेत की ते कधी मागे पडायचा प्रश्नच येत नाही. आजीची डाळिंबी इरकल नात कॉलेजच्या कार्यक्रमाला नेसून जाते तेव्हा ती कुणाला जुनी वाटत नाही.

घेताना एक बघा. पदराला खरं रेशीम आहे की आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉन, हे विचारा आणि पदराच्या दशीतला एक धागा मागून घ्या. जाळला की रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. रेयॉनला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. चांगला दुकानदार या चाचणीला नाही म्हणत नाही. रेयॉनची साडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. तिची किंमत कमी, दिसायला छान. पण तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठाऊक असलेलं बरं, आणि ते आम्हाला पुढे पाण्याने दाखवलं.

४. पुराने काय दाखवलं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. निम्मी सांगली पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखलाने माखलेले कपड्यांचे ढीग बाहेर आले आणि आम्ही बायका मिळून ते धूत बसलो. त्या दिवसांत कापडाबद्दल जे समजलं, ते आधी कधी समजलं नव्हतं.

सुती लुगडी, चादरी, पंचे चिखलातून काढून आपटून धुतले तरी शाबूत राहिले. सूत ओलं झाल्यावर आणखी मजबूत होतं, हा त्याचा गुणच आहे. रेयॉनचं उलटं. ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पिळायला घेतलेले झुळझुळीत कुर्ते हातात फाटले, रेयॉनच्या पदराच्या साड्या अंगाने धड आणि पदराला चिरलेल्या निघाल्या. शर्टांच्या कॉलरी फुगून त्यांवर बुडबुडे आले, कारण आतलं फ्युजिंग डिंकाने चिकटवलेलं होतं. ज्या कॉलरींत शिवून बसवलेला कॅनव्हास होता त्या वाळल्यावर इस्त्रीने सरळ झाल्या. लोखंडी हुकांनी गंजाचे डाग कापडात कायमचे सोडले. पितळी हूक पुसले की स्वच्छ.

तेव्हापासून मी वर्गात पितळी हुकांचीच पुडी ठेवते. पूर काही रोज येत नाही. पण घाम, दमट हवा आणि मशीनमधलं पाणी रोज असतं, आणि ते तेच काम हळूहळू करत असतं.

५. ताणतं ते आधी थकतं

हल्ली जीन्समध्ये, लेगिंगमध्ये, अगदी ब्लाऊजच्या कापडातही लायक्रा असतो. अंगाला घट्ट बसतो म्हणून आवडतो. मात्र हा ताणणारा धागा उष्णतेने आणि सततच्या ताणाने मरतो. मग गुडघ्याला फुगे येतात, कमरेला झोळ येतो, आणि याला शिंप्याकडे इलाज नाही. जाड, न ताणणारं डेनिम पहिल्या महिन्यात अंगाला टोचतं खरं, पण ते फाटलं तर ठिगळ घेतं, रफू घेतं.

६. बोहारणीची नजर

भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण दारात बसली की मी तिचं काम बघत राहायचे. कपड्याची पारख तिच्याइतकी कुणाला नसते. ती साडी उलगडून आभाळाकडे धरते. शर्ट हातात आला की आधी कॉलरची घडी, मग कोपर, मग बगल. पँट आली की बैठक आणि पायाची कड. साडीचा काठ जिथे टाचेखाली येतो तिथला हातभर भाग ती बोटांनी चाचपते. बाकीच्या कपड्याकडे तिचं लक्षही नसतं.

कपडा विरतो तो याच जागांवर, म्हणून नवा घेताना याच जागा मी तपासते. कॉलर उसवून उलटी करून परत बसवता येईल अशी आहे का? पूर्वी घरोघर हे व्हायचं. घासलेली बाजू आत जायची आणि शर्ट नवा व्हायचा. बगलेत चौकोनी कळी आहे का? जुन्या झब्ब्याच्या काखेत ती असते, म्हणून हात वर केला तरी शिवणीवर ताण येत नाही. साडीला फॉल लावणार तो सुती आहे का, आणि आधी भिजवून आटवलेला आहे का? न भिजवलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि चांगल्या साडीचा काठ चुणतो. अस्तराचंही तेच. रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, मगच बेतायचं.

७. रंग

रंगाबद्दल मी कुणाला सल्ला देत नाही. एकच सांगते. पांढरा ओला रुमाल घेऊन काठावर, पदरावर घासून बघा. रंग रुमालावर आला तर ती साडी आयुष्यभर एकटी धुवावी लागेल. बाकी, आपल्याकडे चंद्रकळेचा काळा, हळदी पिवळा, डाळिंबी, मोरपंखी आणि हिरवाचुडा हे रंग कधी मागे पडले नाहीत. यांतला तुमच्या कांतीला खुलणारा एक निवडलात की कपाटातल्या दहा गोष्टींशी तो जुळतो.

८. जे न कापता नेसतात ते कापू नका

माझ्याकडे पैठण्या येतात त्या कुर्ता शिवायला. आईची आहे, नेसणं होत नाही, मग ड्रेस तरी शिवून द्या. मी प्रत्येकीला आधी परत पाठवते आणि महिनाभर विचार करायला सांगते. साडी कुठल्याही अंगाला होते. ती उंच मुलीला होते, ठेंगण्या सुनेला होते, वजन वाढलं तरी होते. बेतून कापली की ती एकाच मापाची झाली, आणि ते माप चार वर्षांत बदलणार. खणाची चोळीही पूर्वी पुढे गाठ मारून घालत, बटण नाही की हूक नाही, त्यामागेही हेच शहाणपण होतं.

पैठणीचा तर आणखी एक मुद्दा. येवल्याला किंवा पैठणला हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरात रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरता जातो आणि शेजारच्या धाग्याला अडकून परत फिरतो. त्यामुळे मोर उलट्या बाजूनेही मोरच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. मशीनच्या पैठणीत पाठीमागे धागे आडवे पसरलेले असतात किंवा कापून टाकलेले असतात. त्यांत बांगडी अडकते, जोडवं अडकतं, एक धागा ओढला गेला की आख्खी नक्षी चुणते. विकत घेताना पदर उलटा करून बघायला लाजू नका. साडी जिथे विरली असेल तिथून कापावीच लागली तर माझी हरकत नाही. अंग विरलेल्या पैठणीचा पदर आणि काठ मी स्वतः दुसऱ्या रेशमावर बसवून दिले आहेत. धडधाकट साडीला मात्र कात्री लावायला माझा हात धजत नाही.

आणि तिला कोंडून ठेवू नका. पैठणी, शालू वर्षभर एकाच घडीवर राहिले की जर घडीच्या रेघेवर तुटते आणि रेशीम तिथेच चिरतं. पावसाळा संपला की बाहेर काढायची, सावलीत वारा द्यायचा, घडी बदलायची, धुतलेल्या मऊ सुती पंच्यात गुंडाळून ठेवायची. प्लास्टिकची पिशवी नको. अत्तर आणि स्प्रे साडी नेसण्याआधी, अंगावर मारा. जरीवर उडाले की जर काळवंडते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवल्याच तर त्या कापडाला चिकटून नकोत.

९. पैशांचं

हातमागाची साडी, शिंप्याकडून शिवलेला ब्लाऊज, शिवून घेतलेली पँट महाग पडते, हे मला माहीत आहे. घरात कमावणारं एक आणि खाणारी पाच असतील तर सगळेच कपडे असे घेणं जमत नाही. अशा घरातल्या बायकांनीच मला एक चांगली रीत दाखवली. वर्षाकाठी एकच कपडा भारी घ्यायचा, आणि तो ज्याची झीज सगळ्यांत जास्त होते त्यातला घ्यायचा. रोज कामावर जायच्या साड्या-कुर्त्यांत पैसे घालायचे, लग्नाकार्यातल्या कपड्यांत कमी. आपण बहुतेक उलट करतो. एका संध्याकाळसाठी हजारो रुपये आणि वर्षभराच्या वापरासाठी सेलमधला ढीग.

शिंप्याला दुरुस्तीचे पैसे देताना घासाघीस करू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. नवा कपडा शिवण्यापेक्षा जुना उसवून नीट करायला वेळ जास्त लागतो. दुरुस्तीला कुणी मोल देत नाही म्हणून ती करणारे हात कमी होत चालले आहेत. आमच्या गावात हातरफू करणारे कारागीर आता शोधावे लागतात. एखादा सापडला की त्याचा पत्ता दहाजणींना द्या.

१०. कातरण जपून ठेवा

कपडा शिवून आला की शिंप्याकडून उरलेलं कापड मागून घ्या. वीतभर असलं तरी चालेल. दहा वर्षांनी बाही वाढवायची असेल, बगलेत कळी घालायची असेल, तेव्हा त्याच ताग्यातलं कापड जगात कुठेही मिळणार नाही.

माझ्याकडे आलेल्या एका आजींनी याच्याही पुढची गोष्ट केली होती. त्यांचा सुती परकर-पोलक्याचा जोड नातीसाठी वाढवायचा होता. त्यांनी पिशवीतून ठिगळाचं कापड काढलं, तर त्याचा रंग कपड्याच्या आजच्या रंगाशी तंतोतंत जुळत होता. कातरण डब्यात ठेवलं असतं तर ते नव्यासारखं गडद राहिलं असतं आणि जोड उठून दिसला असता. त्यांनी ते कातरण कपड्याच्या आतल्या बाजूला चार टाके घालून अडकवून ठेवलं होतं. कपड्याबरोबर तेही प्रत्येक वेळी धुतलं गेलं, वाळलं, फिकं होत गेलं. मी आता वर्गात शिवलेल्या प्रत्येक कपड्याला आतून, बाजूच्या शिवणीच्या मायेवर, चार बोटांचं कातरण टाचून द्यायला लावते. टाके सैल आणि कच्चे घालायचे, दोरा कापडाच्या रंगाचा घ्यायचा, आणि कड ओव्हरलॉक करून घ्यायची, म्हणजे धुण्यात सूत सुटत नाही.